दहातली तीन

मी घर सोडलं ते एका गुरुवारी, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी. कारखान्याचा पहिला भोंगा होऊन दहा मिनिटं झाली होती. बाबांची पहिली पाळी होती आणि त्यांनी रजा घेतली नव्हती. विमानतळापर्यंत आई आणि भाऊ आले. बाबा क्वार्टरच्या फाटकापर्यंत. सायकल हातात धरून ते म्हणाले, "तिथे कोणी विचारलं वडील काय करतात, तर सरकारी नोकरी म्हणायचं. पुढचं नाही." मग ते कामावर गेले.

यात नवीन काही नव्हतं. दारूगोळ्याच्या कारखान्याच्या कॉलनीत वाढलेल्या सगळ्याच मुलांना हे वाक्य पाठ होतं. हा मजकूर मुख्यतः त्यांच्यासाठी आहे: जे अजून तिथे आहेत त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे बाहेर पडले त्यांच्यासाठीही. कारखान्याचं नाव लिहीत नाही. त्याची तीन इंग्रजी अक्षरं तुम्हाला माहीत आहेत. ती पाण्याच्या टाकीवर होती, शाळेच्या बसवर होती, दवाखान्यातल्या चादरींवर होती. बाबा गेटवर आगपेटी जमा करून आत जायचे. आत ते काडतुसांच्या पेट्या तपासतात, हे मला सातवीत कळलं. तेही शेजारच्या वानखेडे काकूंकडून, कारण वानखेडे काका त्याच विभागात होते.

लग्नाआधी मी नागपुरात एका दैनिकात उपसंपादक होते. आता अकरा वर्षं अ‍ॅशबर्नमध्ये आहे. नवरा हर्नडनला एका आयटी कंपनीत आहे आणि ग्रीन कार्डच्या रांगेत आमचा नंबर अजून यायचा आहे. बाबा निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर रिकामं करून द्यावं लागलं. तिथे आता दुसरं कुटुंब राहतं. त्यांनी पेरूचं झाड तोडून गाडीसाठी शेड केली आहे, असं भाऊ सांगतो. आईच्या शेवटच्या आजारपणात आमचे व्हिसाचे कागद अडकले होते. मी पोचले ती तेराव्याच्या दिवशी.

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी शरदकाका मला गन शोला, म्हणजे बंदुकांच्या बाजाराला, घेऊन गेले. शरदकाका आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहतात. भूलतज्ज्ञ होते, आता निवृत्त आहेत. त्यांना बंदुकांमध्ये रस नाही. ते लष्करी होकायंत्रं जमवतात, आणि त्यांच्या म्हणण्यानुसार या देशात भाव करायची हौस भागेल अशी ही एकच जागा उरली आहे. विमानतळाजवळच्या मोठ्या हॉलमध्ये लांबच लांब टेबलं मांडलेली होती. काकांनी गाडीतच मला नियम समजावून दिले. सांगितलेल्या भावाला हो म्हणायचं नाही. भाव ठरला की मोठे दुकानदार वर सहा टक्के सेल्स टॅक्स लावतात, तेव्हा आधीच विचारायचं, 'आउट द डोअर' किती? म्हणजे दाराबाहेर पडेपर्यंत एकूण किती. त्यावर एक सेंटही नाही.

त्या गुरुवारी घर सोडून निघताना मला तसा आकडा कोणी सांगितला नव्हता. मी विचारलाही नव्हता.

तिसऱ्या रांगेत एका टेबलाखाली लाकडी पेटी होती आणि तिच्यावर काळ्या रंगात ती तीन अक्षरं. मी थांबले. झाकणाच्या आत चिकटवलेला कागद होता: लॉट नंबर, वर्ष, तपासनिसाची सही. वर्ष बाबांच्या नोकरीतलं होतं. सही लागत नव्हती. आत कागदी पुडक्यांमध्ये काडतुसं होती.

टेबलामागे रॉय नावाचा साठीचा माणूस होता. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की हा माल तो स्वतःच्या बंदुकीत घालत नाही. इंडियन आहे, दहातली तीन उडत नाहीत; म्हणूनच स्वस्त आहे. हे ऐकल्यावर काका खुलले. मग ही रद्दीच झाली, म्हणाले. अर्ध्या किमतीत दे, तुझी जागा तरी मोकळी होईल.

मी मराठीत म्हटलं, "काका, तसं नका म्हणू."

"अगं, मालाला नावं ठेवल्याशिवाय भाव उतरतो का?"

"माझे बाबा तिथे होते. ते हेच तपासायचे."

काकांनी मान हलवली. "घेणारीच मालाची वकिली करायला लागली तर झालंच मग. पेपरात हेच शिकवलं का तुला?"

ती गोष्ट मी रॉयला इंग्रजीत सांगितली. अकरा वर्षांत परक्या माणसाला पहिल्यांदाच. तो जरा ओशाळला आणि वडिलांनी राग मानू नये म्हणाला. तसंही काडतुसं मी घेऊ शकत नव्हते; व्हिसावर असलेल्या आम्हा लोकांना ती जवळ ठेवता येत नाहीत. मी रिकामी पेटी मागितली. रॉयने पुडकी खोक्यात काढून ठेवली आणि पेटीचे चाळीस मागितले. काकांनी होकायंत्राच्या काट्यासारखी बराच वेळ नकाराची मान हलवली आणि तीस, आउट द डोअर, असं ठरलं. पावतीवर त्याने लिहिलं: लाकडी पेटी एक, इंडिया.

संध्याकाळी साडेआठला बाबांना व्हिडिओ कॉल केला. तिकडे रविवारची सकाळ होती आणि ते चहा घेत होते. बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत. नागपुरात भावाकडे राहतात. मी फक्त पेटी दाखवली. त्यांनी कप खाली ठेवला, चष्मा बदलला आणि पेटी तपासायला सुरुवात केली. झाकण पाड. दोरीची गाठ दाखव. स्क्रू पितळी आहेत का? सही जवळ धर.

"माझी नाही. वानखेड्यांची आहे. ते डावखुरे होते, बघ, अक्षर मागे कलतं." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "उडतात का अजून?"

काही दुसरं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "विकणारा म्हणाला, दहातली तीन उडत नाहीत. मी स्वतः पाहिलेलं नाही."

वानखेडे काका चार वर्षांपूर्वी वारले. त्यांची नि बाबांची टेबलं समोरासमोर होती, एकाच्या रजेत दुसरा सही करायचा.

"कुठे ठेवली होती, किती वर्षं, ते विचारलंस?"

"नाही."

"मग अर्धीच बातमी आणलीस, शुभा."

गन शो दोन दिवसांचा होता. रविवारी मी एकटी ड्राइव्ह करून गेले. तिकिटाच्या खिडकीवरच्या बाईने आज काय घ्यायचंय असं विचारलं, आणि या वेळी घ्यायचं काही नसल्यामुळे तिला काय सांगू ते मला कळेना. रॉय माल आवरत होता. त्याने सांगितलं की पेटी त्याच्या मेहुण्याने घेतली होती. आतला झाळून हवाबंद केलेला पत्र्याचा डबा मेहुण्यानेच कापून काढला, पुडकी तशीच पेटीत रचली आणि पेटी शेतावरच्या शेडमध्ये ठेवली. किती वर्षं? बारा असतील, तेरा असतील. शेडमध्ये पाणी शिरलं होतं का? एका उन्हाळ्यात ओढा चढला होता, तेव्हा हो. मी हे सगळं त्याच्यासमोर पावतीच्या मागे लिहून घेतलं आणि त्याला वाचून दाखवलं. त्याने बरोबर आहे म्हटलं.

बाहेर थंडी होती. गाडीत बसल्यावर मला क्वार्टरचं मागचं अंगण आठवलं: आई बंबात लाकडं सारतेय, बाबा पाळीवरून येऊन हातपाय धुताहेत, आणि भिंतीपलीकडून वानखेडे काका त्यांना हाक मारताहेत. त्या तिघांतले दोघं आता नाहीत आणि ती भिंतही पाडल्याचं भावाने सांगितलं आहे. आमच्या लिव्हिंग रूममध्ये आता त्या तीन अक्षरांची पेटी आहे. नवऱ्याने विचारलं, यात काय ठेवायचं? मी सांगितलं, सध्या काही नाही.

संध्याकाळी बाबांना कागद वाचून दाखवला. डबा कापला, हे त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. ओढ्याचं वाक्य आल्यावर मला थांबवलं.

"पाणी कितीवर आलं होतं?"

रॉयला हे विचारायचं राहिलं, असं मी कबूल केलं.

"त्याला कशाला विचारतेस? लाकडाला विचार. आतून बघ. टेप आहे ना घरात?"

पेटी दिव्याखाली नेली. मागच्या फळीवर आतल्या बाजूने आडवी करडी रेघ आहे. ती चारही बाजूंना फिरते. पेटी आतून दहा इंच उंच आहे. रेघ तळापासून तीन इंचांवर आहे, एका कोपऱ्यात किंचित वर. दोनदा मोजली.