तिसरा लेझर विझेना

लग्नाआधी मी राहुरीत कॉम्प्युटर शिकवायचे. लग्न झालं ते मंडप आणि लायटिंगच्या घरात. नवऱ्याने तीन लेझर आणले, तेव्हा ते चालवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. लॅपटॉपपासून नेटवर्कची वायर निघायची, स्विचच्या डबीत तिला तीन फाटे फुटायचे आणि एकेक वायर एकेका लेझरला जायची. मी इथे बोट दाबलं की तिकडे स्टेजवर किरण हलायचा. गावोगावच्या बायका मागे येऊन उभ्या राहायच्या. "ही बाई चालवतीय व्हय?" म्हणायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

लेझरचा किरण माणसांच्या डोक्यावरून जायला हवा, डोळ्यांत जाता कामा नये. नेटवर्क दगा देईल म्हणून आमच्याकडे लाल बटणाची एक पेटीही होती. ते बटण दाबलं की तिन्ही लेझरची वीजच तुटायची. पण तिची जाड वायर वेगळी ओढावी लागायची.

सोनईच्या पुढे एका गावात यात्रेचा कार्यक्रम होता, शाळेच्या मैदानावर. आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळला होता आणि कमिटीची माणसं घाई करत होती.

"लाल पेटीची वायर वढू का?" नवऱ्याने टेम्पोतून विचारलं.

"राहू द्या आज. मैदान लहान आहे. लॅपटॉपवरून बंद करता येतं की."

हे मी बोलले.

कार्यक्रम सुरू झाला. किरण गर्दीच्या बरेच वरून, शाळेच्या मोकळ्या गच्चीवरून जात होते. तिसऱ्या गाण्याला माझी नजर गच्चीकडे गेली, तर तिथे माणसं. खाली जागा मिळाली नाही म्हणून पाच-सहा बायका जिना चढून वर गेल्या होत्या. मी लगेच सगळं बंद करणारी कळ दाबली. दोन लेझर विझले. तिसरा विझेना.

पुन्हा दाबली. पुन्हा. हिरवी रेघ तशीच गच्चीवर टेकलेली. गर्दीत कुणाच्या तरी पायात अडकून त्याची नेटवर्कची वायर निसटली होती. तो लेझर स्वस्तातला. हुकूम यायचे थांबले की शेवटचा हुकूम पाळत बसायचा.

नवऱ्याला फोन लावला. तो जनरेटरजवळ होता, त्याला ऐकू जाईना. मग मी पळत सुटले. समोर सगळी माणसं बसलेली. कुणाच्या हातावर पाय पडला, कुणी शिवी दिली. "गच्चीवरच्यांनी खाली बसा!" मी ओरडत होते, पण गाण्यात माझा मलाच आवाज येत नव्हता. स्टेजच्या कडेला पोचले आणि त्या लेझरचा प्लग उपटला.

गच्चीवरून एका बाईला हाताला धरून खाली आणलं. माझ्याच वयाची असेल. डोळे चोळत होती. "हिरवा ठिपका दिसतोय. जातच न्हाई," म्हणाली.

तोवर कमिटीच्या माणसांनी नवऱ्याची कॉलर धरली होती. "बंद करायची काय सोय न्हाई व्हय तुमच्याकडं?"

"हाय. पेटी हाय," तो म्हणाला. "मीच टेम्पोत ठिवली. चूक माझी."

मी दोन हातांवर उभी होते. तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या बाईला आणि तिच्या सासूला टेम्पोत घालून नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. औषधाचे थेंब टाकून बाहेर बसवलं. सासू पाणी आणायला गेली. बाई डोळे मिटून बसली होती.

"ताई," मी म्हणाले, "पेटी लावू नका असं मीच सांगितलं होतं. त्यांची चूक नव्हती."

तिने डोळे उघडले नाहीत. "मंग काल का न्हाई बोललात?"

मी तिचा फोन नंबर मागून घेतला.

डॉक्टर म्हणाले, भाजल्याची खूण दिसत नाही, पण आठ दिवसांनी पुन्हा दाखवा. रोज सकाळी फोन करायचे. "हाय अजून," ती म्हणायची आणि ठेवून द्यायची. पाचव्या दिवशी म्हणाली, "फिका झालाय." आठव्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि नजर शाबूत असल्याचं सांगितलं. ती उठली, पदर सावरला आणि माझ्याकडे न बघता सासूबरोबर एसटी स्टँडकडे निघून गेली.

परतताना मी नवऱ्याला सांगितलं, की तिला खरं काय ते सांगून टाकलंय.

"कशाला? मिटलं हुतं की."

"माझं नव्हतं मिटलं."

तो गाडी चालवत राहिला. समोर बघतच म्हणाला, "मला त्या येळी काय सुचलं न्हाई. तुला कुणी हात लावल, येवढंच डोक्यात हुतं."

त्या हंगामात आम्ही लेझर लावलेच नाहीत. तो तिसरा तर कायमचाच काढून टाकला. पुढच्या वर्षी राजूरकडे एका लग्नाचं काम घेतलं. सगळं जोडून झाल्यावर मी समोरच्या घराच्या गच्चीवर चढले. तिथे एक आजोबा खाट टाकून पडले होते.

"हितून उठावं लागंल का मला?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा, पडा तुम्ही," मी म्हणाले आणि खाली येऊन त्या बाजूला जाणारे सगळे किरण लॅपटॉपमधून पुसून टाकले.