मैनाची उगवलेली भिंत

मैना माही धाकटी जाऊ. बोरी अरब गावात आमची घरं एकमेकीले लागून. माहं स्लॅबचं, तिचं कुडाचं. कूड म्हणजे कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या बांधायच्या अन् दोन्हीकडून शेणमातीचा गारा लिंपायचा. तिच्या हातच्या कुडाले तडा जाईन तर शपथ! पण बाई अशी हट्टी, का तिच्यापरीस बैल परवडला.

त्या साली कापसाचे भाव असे पडले, का व्यापारी गाठोडं सोडून पाहाले तयार नव्हता. त्यातच भर उन्हाळ्यात मैनाची मागची भिंत बसली, अन् नेमके तिच्या निकिताले पाहाले पाव्हणे यायचे ठरले. बाभुळगावचं ठिकाण. पोरगा शाळेत मास्तर, स्वभावानं गरीब. दारव्ह्याच्या एका लग्नात निकितानं त्याले पाह्यलं होतं, तेव्हापासून पोरगी आरशापुढून हालत नव्हती. हे ठिकाण हातचं गेलं असतं तर तिनं अन्नच सोडलं असतं. मैना वरून हसे, पण दिवसातून दहा खेपा पडकी भिंत पाहून ये, मले दिसे.

भाऊजी, म्हणजे मैनाचा नवरा, म्हणे विटा आणू, सिमेंट आणू, पक्की भिंत पाहून पाव्हणे खूश होतीन. मैना कडाडली, "विटा? नाल्यावरच्या बाभळी कुठी गेल्या सांगा बरं! भट्टीवाल्यानं विटा भाजाले खाल्ल्या. आता बकरीले उभं राहाले सावली नाही. अन् आपण वावरातल्या पऱ्हाट्या पेटवून देऊन राह्यलो! घरचं जाळायचं अन् बाहेरचं भाजून आणायचं, काहून?" भाऊजी गुपचूप पऱ्हाट्या आणाले गेले. त्यायले दुसरा इलाज नव्हता.

गाऱ्यात कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, घालावं लागते, त्यानं माती धरून राह्यते. पण त्या साली सारं कुटार बैलांनी फस्त केलं होतं. मैनाची नजर कोपऱ्यातल्या कवडीवर गेली. कवडी म्हणजे शेवटच्या वेचणीचा किडका, डागी कापूस. "याले कोणी घेत नाही, भिंत तरी घेईन," असं म्हणून तिनं तो सरकीसकट मातीत टाकला. मायलेकींनी गारा तुडवला, ओल्या पोत्याखाली मुरवला अन् लिंपून काढला. आता सरकी म्हणजे बियाणं, हे जन्मभर कापूस पिकवणाऱ्या घरात एकाच्याही डोक्यात आलं नाही. धन्य व माय!

पाव्हणे यायच्या दिवशी सकाळीच निकिता किंचाळली. मी धावत गेली. पाह्यते तं काय, भिंतभर हिरवी पानं! वर, खाली, कोपऱ्यात, जिथी पाहा तिथी कपाशीचे कोंब. मैना डोक्याले हात लावून मधात बसलेली.

"उपटून टाकू," मी म्हटलं.

"कोंबासोबत गारा निघते. भिंतीले देवी आल्यावानी खड्डे पडतीन."

"मंग माह्या घरी बसव पाव्हण्यायले."

"पोरगी या घरची, तं पाव्हणेही याच घरी."

आता हिच्याशी कोण डोकं लावीन? मी माही सतरंजी आणली अन् भिंतीवर टांगून मोकळी झाली.

भर दुपारी पाव्हणे आले. पोराचे वडील किसनराव, आई इंदूबाई अन् तो मास्तर. पोहे झाले, चहा आला. लाईन गेली होती, माह्या स्लॅबखाली तं माणसाचे पापड झाले असते. मैनाच्या घरात मात्र कोणी घाम पुसत नव्हतं. तेवढ्यात इंदूबाई म्हणे, "भिंतीले सतरंजी काहून टांगली व?"

"शोभेले," मी म्हटलं. अन् सतरंजीले तं मधात हे एवढं भोक!

मैनानं मान खाली घातली. निकिता मात्र उठली अन् सर्रकन सतरंजी ओढली. "लपवून काय करू, मावशी? आईनं अन् म्या गाऱ्यात सरकी घातली. भिंत उगवली."

किसनराव उठले, भिंतीजवळ गेले, एक पान बोटानं चाचपलं. मैनानं माहा हात असा आवळला, का बांगडी रुतली.

"वा रे वा!" ते म्हणे. "मी वावरात पिशवीतलं बियाणं पेरलं, उगवलं नाही. दुबार पेरलं, तरी नाही. अन् तुमच्या इथी भिंतीत उगवते!" अन् असे हसले, असे हसले का हातातली बशी कलंडली. मास्तरही हसला, निकिताकडे पाहून. माह्या जिवात जीव आला.

इंदूबाई जुन्या कुडाले पाठ लावून निवांत बसली होती. "इथून उठावंच वाटत नाही," ती म्हणे. "आमच्या स्लॅबच्या घरात दुपारी जीव जाते. पोरी, असा कूड तुले येते का?"

"येते. पण पुढच्या वेळेस कुटारच घालीन," निकिता म्हणे. तिथीच लग्न पक्कं झालं.

पुढच्या उन्हाळ्यात बाभुळगावले सासूसुनेनं मिळून मागची खोली कुडाची बांधली. एका दुपारी निकिताचा फोन आला. मैनानं पोरीची खुशाली सोडून पह्यले भिंतीची विचारली.

"मस्त थंड हाये, आई. पण सासरे रोज सकाळी उठून पाह्यतात, काही उगवलं का म्हणून. नाही उगवलं तं तोंड पाडून बसतात."

मैना खदाखदा हसली. हसता हसता रडाले लागली.

"आता काहून रडून राह्यली व, बैताडे?" मी म्हटलं.

"माही लेक सुखात हाये, म्हणून."

मंग मलेही रडू आलं. माह्या घरात उकडते, म्हणून दोघी तिच्याच घरात बसून रडलो.