बनाबाईचा रेचा

महाराष्ट्र नवानवा झाला होता तेव्हा युसूफ मोताळ्याच्या जिनिंगमध्ये फिटर होता. हंगाम लागला की त्याचं अंग तेलात आणि डोकं खडखडाटात बुडालेलं. एकच इंजिन लांबलचक लोखंडी दांडा फिरवी आणि त्यावरून पट्टे घेऊन सरकी काढणारे सगळे रेचे चालत. प्रत्येक रेच्यापुढे कापूस टाकायला एक बाई. बाया आपापल्या रेच्याला ‘माझा’ म्हणत. पण ते नुसतं म्हणण्यापुरतं, वेग इंजिनाचा होता.

त्या वर्षी बनाबाईचे हात थकले.

“युसूफ, माहा रेचा जरा हळू कर ना. हात चालूनच नाही राह्यले.”

काम सुटलं तर या विधवेनं खावं काय, हे त्याला ठाऊक होतं. पण एका रेच्याची पुली बदलायची म्हणजे अर्धा दिवस मोडायचा, आणि त्याचा स्वतःचाच जीव मेटाकुटीला आलेला. त्यानं सोपं केलं. इंजिनाचाच वेग उतरवला.

बनाबाईला बरं वाटलं. पण वाटून दिलेला कापसाचा ढीग कुणाचाच सरेना, आणि ढीग सरल्याशिवाय सुट्टी नाही, हा तिथला रिवाज. दिवेलागण झाली तरी बाया उभ्याच. त्यांतल्या विमलबाईचं तान्हं घरी होतं, तिची चोळी दुधानं भिजली. युसूफला स्वतःची चीड आली. दयेत आळस मिसळला की असंच होतं.

बनाबाईनं त्याला गाठलं. “काऊन रे, सगळ्याइचंच हळू केलं? मी माह्यापुरतं म्हटलं होतं.”

“सकाळी करतो, मावशी. फक्त तुहाच.”

सकाळी त्यानं इंजिन पूर्ववत केलं आणि घाम गाळून तिच्या रेच्याला मोठी पुली बसवली. तेवढाच रेचा हळू झाला. बाकीचे ढीग झरझर उतरले, विमलबाई वेळेवर घरी गेली. सगळेच सावकाश होते तेव्हा बनाबाईचं म्हातारपण कुणाला दिसलं नव्हतं. आता तिच्यापुढे ढीग तसाच पडलेला, आणि मुकादम भाऊराव तिथंच येऊन उभा.

“उद्यापासून येऊ नको, बाई.”

युसूफ धावला. “रेचा मी हळू केला, भाऊराव. तिचा काय दोष?”

“काऊन केला?”

खरं सांगितलं तर तिचं काम जाणार, खोटं सांगितलं तर विनाकारण रेचा हळू केला म्हणून युसूफचं.

बनाबाईनं पदराची रुई झटकली. “मीच सांगतलं होतं त्याले,” ती म्हणाली, आणि दाराकडे चालू लागली.