थांबाबाई

आमच्या डॉक्टरीणबाईंच्या तोंडात दिवसभर एकच शब्द असे, ‘थांबा’. पेशंट आत घुसला की थांबा, बाही वर करायला लागला की थांबा, आणि इंजेक्शन घेऊन उठू लागला की सगळ्यात मोठ्यांदा थांबा. लोणावळ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता. पाटीवर नाव होतं, पण ते कुणी वाचत नसे. वलवणपासून वरच्या वाड्यांपर्यंत सगळे त्यांना थांबाबाई म्हणत. आजारी माणसाला घाई असते आणि बऱ्या होत आलेल्याला त्याहून जास्त, त्यामुळे हे नाव काही कुणी लाडाने ठेवलेलं नव्हतं.

मी त्यांच्याकडे गेले ती नववीत असताना. घसा दुखला, ताप आला, मग गुडघे सुजले. आईने आधी हळद-दूध केलं, मग लेप लावले. बाईंनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. तापाने हृदयाच्या झडपेला धरलं होतं. “आहे एवढ्यावर राहिलं तर ही म्हातारी होईल,” त्या आईला म्हणाल्या, “पण हा ताप परत येता कामा नये. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिन. चुकलं तर मला तोंड दाखवू नका.” आई वलवणला पाहुण्यांच्या बंगल्यांमध्ये झाडलोट करायची. त्या दिवशी तिचा खाडा पडायचा, तरी तिने एकदाही चुकवलं नाही.

ते इंजेक्शन देण्याची त्यांची एक रीत होती आणि ती कधी मोडलेली मी पाहिली नाही. औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी त्या ट्रेमध्ये दुसरी एक सिरिंज भरून ठेवत. रिअॅक्शन आलीच तर लगेच द्यायचं औषध. “आधी उतारा, मग औषध,” असं म्हणत. मग हातावर थेंबभर टोचून टेस्ट. मग बाटलीतली पांढरी पूड पाण्यात विरघळवायची, तीही हलवून नाही, तळहातांमध्ये हळू घोळवून. ते औषध दाट, ताकासारखं. दुखायचं तर असं की घरी जाताना मी एका पायाने चालायचे. बाई कधी धीर द्यायच्या नाहीत. “दुखणारच,” म्हणायच्या, “झडप दुखली तर सांगायलाही यायची नाहीस.”

आणि दर वेळी तेच प्रश्न. जेवून आलीस का, आधीच्या इंजेक्शननंतर अंगावर पित्तासारखं उठलं का, श्वास कोंडला का, ओठ सुजले का. आई कंटाळायची. “बाई, मागल्या येळंला सांगितलं की समदं.”

“मागच्या वेळचं मागच्या वेळी. आज सांगा.”

मग बाहेरच्या बाकड्यावर अर्धा तास, रिअॅक्शन येते का बघायला. त्यांना तिथून दिसेल असं ते बाकडं ठेवलेलं होतं, आणि मधे उठलेल्या माणसाला, मग तो सरपंच का असेना, त्या सगळ्यांसमोर झापत. लोकांना हे सोसत नसे. हमरस्त्यावर दुसरा एक दवाखाना होता. तिथे काही विचारत नसत. सर्दी असो की कंबर, आत गेलं की सुई आणि पाच मिनिटांत मोकळं. तिथे रांग लागायची, आणि आमच्या बाईंचं बाकडं आम्ही चार-दोन जण सांभाळायचो. आमच्या लोकांना नीट काम करणारं माणूस नेहमी खडूस वाटतं.

मी कॉलेजात असताना ते घडलं. नवलाख उंबरे गावाकडच्या कारखान्यात जाणारा एक माणूस पायाची चिघळलेली जखम घेऊन आला. बाईंनी सगळं विचारलं, टेस्ट केली, पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, बाकड्यावर बसवलं. मी शेजारीच होते. तो सारखा घड्याळ बघत होता. बाई आत एका लेकराचा घसा बघायला वळल्या आणि तो उठला. “बसा हो, ओरडतील,” मी म्हटलं. “कंपनीची बस चुकंल. काय व्हत न्हाई,” असं म्हणून तो गेला. तो नाक्यावर कोसळला. कुणीतरी पळत सांगायला आलं तेव्हा बाई ती भरलेली सिरिंज घेऊन अनवाणी धावल्या. पोचेपर्यंत तो गेला होता.

संध्याकाळी दवाखान्याच्या काचा फुटल्या. फोडणारे बहुतेक हमरस्त्यावरच्या रांगेतले होते. चौकशी झाली, मीही जे पाहिलं ते सांगितलं, आणि बाईंचा काही दोष नाही असं ठरलं. ते ऐकायला कुणी जमलं नाही.

माझ्या पुढच्या इंजेक्शनला आम्ही गेलो. काचांच्या जागी पुठ्ठे होते. बाईंनी गोळ्यांची चिठ्ठी लिहून पुढे सरकवली. “पेनिसिलिन टोचायचं बंद केलं मी. या रोज घ्यायच्या.”

“तुम्हीच म्हणायचात, गोळ्या माणूस विसरतो,” मी म्हटलं.

“विसरू नकोस.”

आईने हात जोडले. “बाई, आमी उठनार न्हाई. दिसभर बसतो हितं. आमची पोर न्हाई पळायची.”

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मग आम्ही दारोदार फिरलो. हमरस्त्यावरच्या डॉक्टरने औषधाचं नाव ऐकूनच हात झटकले. जो कशालाही सुई टोचायचा, त्याला नेमकी हीच सुई नको होती. बाकीच्यांचं उत्तर एकच, “आमच्याकडे नको, काही झालं तर?” पुण्याला काही वेळा गेलो, मग आईचं काम सुटायची वेळ आली. गोळ्या मी घेतल्या, आणि बाई म्हणायच्या तशाच विसरलेही. दोन पावसाळे गेले, तिसऱ्याला ताप आला. गुडघे सुजले तेव्हाच आम्हाला सगळं कळलं. जिना चढताना धाप लागायला लागली आणि शेवटी पुण्यात छाती उघडून झडप बदलली. आता रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर. लग्नाचं बोलायला आलेली माणसं चहा पिऊन जातात.

“जाऊन ये बाईंकडं,” आई म्हणाली, “येवढी वर्सं त्यांनीच सांबाळलं तुला.” मी गेले. दवाखाना कधीचा बंद झाला होता, त्या वरच्या मजल्यावर एकट्या राहत होत्या. बाईंनी मला समोर बसवलं. खोली अगदी शांत होती. माझ्या या धातूच्या झडपेचा आवाज येतो, बारीक, टक टक. लोकांना वाटतं मनगटी घड्याळ आहे. बाईंना तसं वाटलं नाही. त्यांचा चेहरा उतरला.

“कधी बसवली?”

“दिवाळीनंतर.”

 त्या म्हणाल्या, “तुला मी द्यायला हवं होतं.”

तुमचा काय दोष, लोकांनीच तुमच्यावर ही वेळ आणली, हे मला म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. पण मी “हो” म्हणाले. त्यांनी मान हलवली, आणि निघताना दारापर्यंत येऊन माझी नाडी तेवढी बघितली.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. त्यांच्याइतकी माझी काळजी कुणी घेतली नाही, आणि तो “हो” मागे घ्यावा असं मला अजून वाटत नाही.