कोरड्या विटा

आमचे मिस्त्री कोरडी वीट कधी लावत नसत. न भिजवलेली वीट सिमेंटमधलं पाणी पिते आणि भिंत धरत नाही. असं काम करणाऱ्याला ते शिव्या घालत.

तुरुंगात माणसं अंधारात कोंडतात, अशी बाहेरच्या देशांत ओरड झाली. तपासायला पाहुणे येणार म्हणून तुरुंगाच्या साहेबांनी आमच्याकडून एका कोठडीला खिडकी पाडून घेतली. आतले कैदी, म्हातारे मास्तर, उजेडात स्वतःचे हात उलटसुलट करून पाहत बसले.

पाहुणे खूश होऊन गेले. साहेब म्हणाले, "मिस्त्री, बुजवा ती खिडकी."

मिस्त्रींनी विटा भिजवल्याच नाहीत.

"अहो, विसरलात काय?" मी विचारलं.

"वय झालं, बाबा. तू गप्प माल कालव."

वरून विटांचे सांधे असे गुळगुळीत भरले की साहेबांनी पाठ थोपटली. निघताना मिस्त्री मास्तरांना हळूच म्हणाले, "सुकल्यावर मधली वीट हलवून बघा."

काही महिन्यांनी आम्ही कोठड्यांना चुना मारायला गेलो. मास्तरांनी हसत मधली वीट काढली, उजेड आत आला. पहारेकऱ्याची चाहूल लागताच त्यांनी ती परत बसवली.

मिस्त्रींनी निरखून पाहिलं.

"जरा वाकडी बसवता, मास्तर," ते म्हणाले.