त्याच मनोऱ्यावर जाड तार

मी पुण्याला कॉलेजात होतो, तेव्हाची गोष्ट. मुळशीला आमच्या भातखाचरात विजेचा लोखंडी मनोरा फार आधीपासून उभा होता. आता त्या वाटेने जास्त वीज न्यायची ठरली. "म्हणजे मनोरे वाढणार," असं मीच वडिलांना सांगितलं. घरात शिकलेला मी एकटा, म्हणून त्यांनी ते खरं धरलं. तारवाले आले, तेव्हा वडील बांधावर आडवे उभे राहिले.

"दुसरा मनोरा हितं उभा ऱ्हानार न्हाई. हाय त्येवढी जमीनच पुरंना आमाला."

तारवाल्यांचा मुकादम पन्नाशीचा, काटक माणूस. त्याने आधी मनोऱ्याच्या चारही पायांवर पाना वाजवला आणि दर वेळी कान लावून ऐकलं.

"दुसरा कशाला, आबा? ह्यो लई वझं पेलंल. फकस्त तार जाड घालायची."

"पोरगा तर म्हनला, वाढनार."

मुकादम माझ्याकडे वळला. "कालेजात मनोरा न्हाई वाटतं?"

सगळे हसले. ओशाळून मीही हसलो.

वीज बंदच होती. त्याने जुन्या तारेच्या टोकाला नवी तार जोडली. गडी जुनी ओढू लागले, तशी नवी तिच्यामागून मनोऱ्यावरून सरकत गेली. रोपांत पाय पडला की तो गड्याला शिवी हासडायचा.

त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. मी फक्त बघत राहिलो. दुपारी ओढायला माणूस कमी पडला, तेव्हा कुणी हाक मारायच्या आधीच वडील बांधावरून उतरले आणि त्यांनी तारेला हात घातला.