डेथ मेटलचे चार पांढरे शर्ट

डेन्मार्कच्या एका डेथ मेटल बँडचा पहिल्या दोन वर्षांचा सगळा इतिहास मी एका शनिवारी सकाळी गरम पाण्यात स्वच्छ धुऊन काढला.

हेतू चांगला होता. माझे हेतू नेहमीच चांगले असतात आणि ते लिहून फ्रिजवर लावलेले असतात. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या आमच्या घरातल्या फ्रिजचा रंग कोणता, हे गेल्या पंधरा वर्षांत कोणी पाहिलेलं नाही, कारण वर माझ्या याद्या असतात. त्या आठवड्याच्या यादीत एक ओळ होती, "शुक्रवार : यशूचे पाहुणे, चार. गाद्या, टॉवेल, वायफायचा पासवर्ड." आणि तिच्याखाली, "शनिवार : पांढरे कपडे." रविवारी बुद्ध पौर्णिमेची वंदना होती. आमच्या भागातली चाळीसेक कुटुंबं हॉलमध्ये जमतात, सगळी पांढऱ्यात, आणि नम्रपणे सांगतो, त्या हॉलमध्ये सगळ्यांत पांढरा मी असतो. आमच्या घरी धुण्याचं खातं लग्नापासून माझ्याकडे आहे. नागपूरहून येणारा प्रत्येक पाहुणा माझ्यासाठी नीळ घेऊन येतो. (बाकीचे लोक चिवडा मागवतात.)

यशू म्हणजे यशोधरा, आमची मुलगी. वय बावीस, जन्म इथलाच. दिवसा ती नोकरी करते आणि उरलेल्या वेळात डेथ मेटल ऐकते. ज्यांनी हे संगीत ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : खोबरं वाटताना मिक्सरमध्ये चमचा राहिला आणि ते पाहून घरातलं मोठं माणूस ओरडलं, तर साधारण तसं. पाच महिने ईमेल लिहून लिहून यशूने या चार डॅनिश पोरांना अमेरिकेत आणलं होतं. शनिवारी संध्याकाळी रॅलेच्या एका छोट्या हॉलमध्ये त्यांचा इथला पहिला कार्यक्रम होता. एका मोठ्या बँडचे दौरे ठरवणारा माणूस तो बघायला येणार होता. त्याला आवडलं तर महिनाभर त्या मोठ्या बँडच्या आधी वाजवायचं, आणि यशू त्यांची मॅनेजर म्हणून बरोबर जाणार. नाही आवडलं तर मंगळवारचं परतीचं विमान, आणि यशू पुन्हा ऑफिसात.

"बाबा, धिस इज द वन थिंग आय हॅव एव्हर ऑर्गनाइझ्ड," ती मला म्हणाली होती. यादी करणाऱ्या बापाला याहून मोठा आनंद नसतो. मी तिला लगेच एक कोरी वही दिली. ती तिने वापरली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी व्हॅनमधून पोरं उतरली. चौघांचे केस कमरेपर्यंत. बँडचं नाव छातीवर छापलेलं होतं, पण ते जमिनीतून उपटलेल्या झाडाच्या मुळांसारखं दिसत होतं, त्यामुळे मला आजही ते वाचता येत नाही. मी दार उघडलं आणि चौघांनी, कोणी न सांगता, बाहेरच बूट काढून ओळीत लावले. मी तिथेच विरघळलो.

"पोरं संस्कारी आहेत," मी बायकोला, म्हणजे सुजाताला, स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं.

"त्याच्या दंडावर कवटी आहे," सुजाता म्हणाली.

"पण बूट बाहेर आहेत."

मॅस नावाचा गायक सर्वांत शांत. तो इतक्या हळू बोलायचा, की मीठ मागतानासुद्धा कानात सांगितल्यासारखं वाटे. सोरेन ड्रम वाजवायचा आणि जेवतानाही टेबलावर बोटं चालवायचा. बाकी दोघे गिटारवाले, ते फक्त हसायचे. सुजाताने कोंबडीचा रस्सा जरा बेतानेच केला होता, तरी चौघांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चौघेही पुन्हा वाढून घेत होते. यशू मला बाबा म्हणते, म्हणून तेही मला बाबाच म्हणू लागले.

शनिवारी सकाळी सात वाजता मी पांढऱ्या कपड्यांची टोपली घेऊन गॅरेजमध्ये गेलो आणि आधी नाकाला, मग डोळ्यांना ते शर्ट सापडले. चार शर्ट, हँगरवर. कोणे एके काळी पांढरे असावेत. चिखल, घाम, तपकिरी डाग, फाटलेल्या बाह्या, तुटलेली बटणं. कॉलरवरून तर बी पेरून पीक घेता आलं असतं. माझ्या आईचा नियम होता : पाहुण्याचा मळका कपडा तसाच परत जाऊ द्यायचा नाही. आपल्या दारात आलेला माणूस आला त्यापेक्षा बरा दिसत गेला पाहिजे. मला वाटलं, आईपासून इतकी लांब आलेली पोरं. लाजेपायी बिचाऱ्यांनी शर्ट गॅरेजमध्ये लपवून ठेवलेत.

पुढच्या तीन तासांत मी जे केलं ते माझ्या धुण्याच्या आयुष्यातलं सर्वोत्तम काम आहे. रक्ताचे डाग आधी थंड पाण्यात. चिखलाला ब्रश. मग गरम पाण्यात दोन फेऱ्या. मग नीळ. मग भाताच्या पेजेची कडक खळ. बाह्या रफू केल्या, बटणं लावली, इस्त्री केली आणि चार शर्ट डायनिंग टेबलाच्या चार खुर्च्यांना घातले. ते खुर्चीविनाही बसले असते, इतके ताठ होते.

साडेदहाला पोरं जिना उतरून आली आणि तिथेच थांबली. (पुढचं बोलणं इंग्रजीत झालं. मी मराठीत देतो, कारण अपमान मातृभाषेत सोसायला बरा पडतो.)

मॅस पुढे आला आणि त्याने एका कॉलरला हात लावला.

"इथे रक्त होतं," तो पुटपुटला. "पहिल्या कार्यक्रमाचं. माझ्या नाकाचं."

"गेलं," मी अभिमानाने म्हणालो. "आधी थंड पाणी. लोक तिथेच चुकतात."

"आणि ही बाही फाटलेली होती," सोरेन म्हणाला.

"शिवली. दिसतसुद्धा नाही ना कुठे शिवलंय?"

"नाही," सोरेन म्हणाला. "अजिबात नाही." आणि तो खाली बसला.

मग यशू आली. तिने शर्ट पाहिले, मला पाहिलं, आणि आपल्या आईसारख्या आवाजात विचारलं, "बाबा. व्हॉट डिड यू डू?"

तेव्हा मला कळलं ते असं. दोन वर्षांपूर्वी मॅसच्या काकाच्या डुकरांच्या गोठ्यात या बँडचा पहिला कार्यक्रम झाला. ऐकायला सतरा माणसं आणि शेजारच्या कप्प्यात डुकरं. चौघांकडे घालायला काही नव्हतं, म्हणून मॅसच्या आजोबांचे पांढरे शर्ट घातले. त्या दिवसापासून प्रत्येक कार्यक्रमात तेच शर्ट, आणि ते कधीही धुवायचे नाहीत अशी शपथ. कोणता डाग कोणत्या गावचा, हे त्यांच्या चाहत्यांना पाठ होतं. पहिल्या कॅसेटच्या वेष्टनावर फोटो बँडचा नव्हताच, शर्टांचा होता. आणि आज येणाऱ्या त्या माणसाने यशूला लिहिलं होतं : बाकी काही विसरलात तरी चालेल, शर्ट आणा.

 

"वास तरी छान येतोय," एक गिटारवाला म्हणाला. तो शुक्रवारपासून पहिल्यांदाच बोलला होता, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो रविवारपर्यंत पुन्हा बोलला नाही.

मी नवी यादी केली. वर लिहिलं, "शर्ट मळवणे." वेळ : साडेचारपर्यंत.

पहिला उपाय सोपा होता. नॉर्थ कॅरोलिनाची लाल माती. या मातीशी माझं पंधरा वर्षांचं वैर आहे. तिचा एक डाग लागला की पँट बागकामाला द्यावी लागते. आम्ही परसात शर्ट पसरले आणि पाचही जणांनी ते लाल चिखलात तुडवले. वाळल्यावर झटकले, तर माती पापडासारखी निघून आली. खाली शर्ट पांढरा.

"खळ," मी म्हणालो. "डाग धरू नये म्हणूनच घालतात."

सुजाता मागच्या दारात उभी होती. "पंधरा वर्षं ही माती तुमच्या पँटवरून निघाली नाही. आज निघतेय," ती म्हणाली. "नशीब लागतं."

मग बीट किसून चोळलं. शर्ट गुलाबी झाले, बारशाला नेण्यासारखे. सोरेनने एक अंगाला लावून पाहिला आणि लगेच काढला. यशू पायरीवर बसून फोनकडे बघत होती. ती रडत नव्हती, पण नखं खात होती, आणि हे तिने तिसरीत सोडलं होतं. मला ते बघवेना.

आणि मला आठवलं. ज्याने आयुष्यात एकदा तरी पांढऱ्या शर्टवर रस्सा सांडून त्यावर घाईने साबण चोळलाय, त्याला हे ठाऊक असतं. हळदीचा पिवळा डाग साबण लागताच लालभडक होतो. साबणाने होतो, तर धुण्याच्या सोड्याने किती होईल?

"हळद," मी सुजाताला म्हणालो.

"किती?"

"सगळी."

"अहो, परवाच मोठी पिशवी आणलीय."

"सुजाता, पोरीच्या करिअरचा प्रश्न आहे."

तिने यशूच्या नखांकडे पाहिलं आणि काही न बोलता पिशवी आणली. आम्ही बादलीत हळद आणि सोडा कालवला, आणि बादलीत रक्त तयार झालं. दाट, गडद, अगदी खरं. चौघे ड्राइव्हवेवर रांगेत उभे राहिले आणि मी भिंत सारवावी तशी त्यांची छाती सारवली. मॅसने स्वतःकडे पाहिलं आणि सकाळपासून पहिल्यांदा हसला. "बाबा," तो कुजबुजला, "हे फार भयानक आहे. थँक यू."

नेमक्या त्याच वेळी समोरच्या बाई कुत्रा फिरवत आल्या. लांब केसांची चार पोरं रक्ताने माखलेली, मी कोपरापर्यंत लाल, हातात ब्रश.

"एव्हरीथिंग ओके?" त्यांनी विचारलं.

"लाँड्री," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि कुत्र्याला उचलून घेऊन गेल्या.

निघताना मी माझ्या यादीप्रमाणे सामान तपासलं. एवढं ओरडून मॅसचा घसा बसू नये म्हणून सुजाताने केलेलं लिंबू सरबत मी आठवणीने व्हॅनमध्ये ठेवलं. मोठा जग. (काही चुका माणूस आठवणीने करतो.)

हॉलमध्ये सव्वाशे माणसं असतील, सगळी काळ्या कपड्यांत. मी आणि सुजाता कानात बोळे घालून मागे उभे राहिलो. तो दौरेवाला माणूस भिंतीला टेकून होता. पांढरी दाढी, हाताची घडी. यशू त्याच्या शेजारी होती आणि नखं तिच्या दातांतच होती. दिवे लागले, रक्ताळलेले शर्ट दिसले आणि लोक ओरडले. दाढीवाल्याने मान किंचित हलवली. मीठ मागताना लाजणारा मॅस तोंड उघडून असा काही गरजला, की सुजाताने माझा हात धरला.

तिसऱ्या गाण्यानंतर मॅसने जग उचलला. एक घोट घेतला. मग, त्याची सवयच म्हणे ती, बरंचसं डोक्यावरून अंगावर ओतलं आणि जग सोरेनच्या हातात दिला. सोरेननेही तेच केलं, आणि मग दोघा गिटारवाल्यांनी.

लिंबू लागताच हळद पुन्हा हळद होते. गळ्यापासून खाली पिवळेपणा ओघळायला लागला. छाती, पोट, बाह्या. अर्ध्या मिनिटात डेन्मार्कचा सर्वांत भीषण बँड लख्ख पिवळा होऊन उभा होता.

"अहो," सुजाता माझ्या कानातला बोळा काढून म्हणाली, "चौघांनाही हळद लागली."

मी डोळे मिटले. मला मंगळवारचं विमान दिसलं. पाच महिन्यांचे ईमेल दिसले. यशू आता माझ्याशी साधारण कोणत्या वर्षी बोलेल याचा हिशेब मी करत होतो, तेवढ्यात पुढच्या रांगेतलं कोणीतरी किंचाळलं.

"इट्स टर्निंग इनटू पस!"

आणि सगळा हॉल वेडा झाला. रक्ताचा डोळ्यांदेखत पू झाला होता. डेथ मेटलच्या श्रोत्याला याहून मंगल दृश्य नसतं. लोक एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते, मॅस दुप्पट गरजत होता, आणि भिंतीला टेकलेल्या माणसाने हाताची घडी सोडली होती.

कार्यक्रम संपल्यावर तो यशूला घेऊन थेट माझ्याकडे आला. "हे कसं केलंत?"

मी सांगणार होतो, पण यशूने मला अडवलं. "ट्रेड सीक्रेट," ती म्हणाली. "धिस इज माय डॅड. ही डिझाइन्ड इट." बावीस वर्षांत तिने माझी ओळख इतक्या ताठ मानेने कोणाला करून दिल्याचं मला आठवत नाही. त्याने माझा हात हातात घेऊन हलवला आणि पिवळा तळवा घेऊन गेला. दौरा मिळाला. अट एकच : रोज, न चुकता, रक्ताचा पू.

म्हणजे शर्ट रोज धुवायचे, रोज पांढरे करायचे आणि रोज नव्याने माखायचे. न धुण्याची शपथ घेतलेला बँड आता अमेरिकेतला सर्वांत जास्त धुणारा बँड झाला. मी सतरा कलमांची यादी केली, प्लास्टिकमध्ये घालून यशूला दिली, आणि ती चौघांना घेऊन गेली. (रविवारी वंदनेला आम्ही फिक्या पिवळ्या रंगात गेलो, कारण ब्रश धुण्यासाठी मी तो आमच्या पांढऱ्या कपड्यांबरोबर वॉशरमध्ये टाकला होता. हॉलमधल्या काकांनी विचारलं, घरी लग्न आहे का.)

यशू कॉलेजात गेल्यापासून मला स्वतःहून फोन करत नसे. आता रोज करते. काल तर तिने आधी विचारलं, "बाबा, हाऊ आर यू?"

मी खुर्ची ओढून बसलो. "मी बरा आहे गं. तू कशी आहेस?"

"गुड, गुड. बाबा, सोडा किती चमचे?"

"चार," मी म्हणालो. "सपाट."

फोन कट झाला. मी आत जाऊन सुजाताला सांगितलं, की पोरीने मुद्दाम माझी तब्येत विचारायला फोन केला होता.